वास्तुकला आणि डिझाइनचं प्रदर्शन कसं उभं करावं: पहिल्या प्रश्नापासून वस्तू परत पाठवेपर्यंत

चित्रांच्या प्रदर्शनात चित्र समोर असतं. वास्तुकलेच्या प्रदर्शनात इमारत समोर नसते. ती दुसऱ्याच कुठल्या शहरात उन्हापावसात उभी असते, कधी पाडून टाकलेली असते, कधी बांधलीच गेलेली नसते. दालनात येतात ते तिचे कागद, फोटो, मॉडेल, एखादा सुटा दरवाजा. डिझाइनच्या प्रदर्शनात अडचण उलटी असते. खुर्ची स्वतः आलेली असते, पण तिच्यावर बसायला मनाई असते. वस्तू हजर, तिचा वापर गैरहजर.

या विषयातलं क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शनाची निवड आणि मांडणी ठरवणाऱ्याचं, खरं काम या गैरहजेरीपासून सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे. दालनात काय येऊ शकत नाही हे आधी ओळखायचं, आणि ते प्रेक्षकाला कशातून जाणवून द्यायचं ते ठरवायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या याच विचाराला धरून आहेत. उदाहरण म्हणून एक काल्पनिक प्रदर्शन सोबत ठेवू: विषय आहे जिना.

विषयाचा प्रश्न करा

‘जिना’ एवढंच ठरवलं तर जगातली कुठलीही पायरी या प्रदर्शनात बसते. नुसत्या विषयाच्या बळावर कुठल्याच वस्तूला नकार देता येत नाही. प्रश्न हाती असला की देता येतो. म्हणून असं विचारू: जिन्याची मापं कुणाच्या शरीरावरून ठरली? सतराव्या शतकात फ्रेंच वास्तुकार फ्रान्स्वा ब्लोंदेलने नियम मांडला की दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी हवी. आजही वास्तुकार ही बेरीज साधारण 60 ते 65 सेंटिमीटर धरतात. पण पाऊल कुणाचं? लहान मुलाचं, म्हाताऱ्या माणसाचं, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाईचं? चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचं तर पाऊल या हिशोबातच नाही. प्रश्न असा पक्का झाला की निवड आपोआप धारदार होते. झिजलेली दगडी पायरी आत येते, नोकरांसाठी मागच्या बाजूला काढलेला अरुंद गोल जिना आत येतो, रॅम्प आणि कठडे आत येतात. नुसता देखणा असलेला राजवाड्यातला जिना बाहेर राहतो, आणि तो बाहेर ठेवताना जिवावर आलं तरी ठेवावा.

प्रश्न एका वाक्यात लिहा. मग स्वतःला विचारा की हे पुस्तक किंवा माहितीपट म्हणून जास्त चांगलं झालं असतं का. चालत, थांबत, मागे वळून, दोन गोष्टी एकाच नजरेत धरून जे कळतं ते तुमच्या प्रश्नाला लागत नसेल, तर दालनाचा खर्च कशाला?

हा पहिला निर्णय किती दूरवर जातो ते न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या दोन प्रदर्शनांत दिसतं. 1932 मध्ये फिलिप जॉन्सन आणि हेन्री-रसेल हिचकॉक यांनी तिथे आधुनिक वास्तुकलेचं प्रदर्शन भरवलं. त्यात लुइस ममफर्ड यांचा सहभाग असलेला, सामान्यांच्या घरबांधणीवरचा एक विभागही होता. पण मुख्य मांडणी शैलीची होती, आणि लोकांच्या लक्षात त्या शैलीचं ‘इंटरनॅशनल स्टाइल’ हे नावच राहिलं. 1964 मध्ये त्याच संग्रहालयात बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी वास्तुकाराविना उभ्या राहिलेल्या वस्त्या, गुहाघरं, धान्याची कोठारं यांचे मोठे फोटो मांडले. पहिल्या प्रदर्शनाचा प्रश्न घेऊन बसलं असतं तर यातलं जवळपास काहीच निवडलं गेलं नसतं.

वस्तूंच्या यादीला तिसरा रकाना जोडा

बहुतेक क्युरेटर दोन रकाने करतात: वस्तू काय, आणि ती कुठून मिळेल. तिसरा जोडा: ही वस्तू काय दाखवू शकत नाही?

प्लॅन, म्हणजे इमारतीचा वरून आखलेला नकाशा, वास्तुकाराचा इरादा सांगतो; लोक तिथे पुढे कसे राहिले ते सांगत नाही. इमारतींचे गाजलेले फोटो बहुधा बांधकाम संपल्यावर लगेच, माणसं बाजूला सारून काढलेले असतात. मॉडेल संपूर्ण आकार दाखवतं, पण वरून, म्हणजे जिथून ती इमारत रोज कुणीच पाहत नाही. सुटा तुकडा दगडाचा पोत देतो, पण भोवतालची पोकळी देत नाही. हा रकाना भरत गेलं की कुठली वस्तू कुठल्या वस्तूशेजारी हवी ते समजतं. जिन्याच्या वर्किंग ड्रॉइंगमधली (बांधकामासाठी मापांसह काढलेल्या आराखड्यातली) 17 सेंटिमीटर उंचीची पायरी आणि मधोमध झिजून खोलगट झालेली खरी पायरी शेजारी ठेवली, की इरादा आणि वापर यांतलं अंतर डोळ्यांना दिसतं. त्यासाठी मजकुराची एक ओळही लागत नाही.

कागद मिळत नसतील, किंवा जे मिळतात ते फार एकतर्फी असतील, तर नवं साहित्य करवून घ्यायला कचरू नका. म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2022 मध्ये स्वातंत्र्योत्तर दक्षिण आशियाच्या वास्तुकलेवर प्रदर्शन केलं, तेव्हा जुन्या कागदपत्रांसोबत नवी मॉडेल बनवून घेतली आणि इमारतींची आजची अवस्था दाखवणारे फोटो मुद्दाम काढून घेतले. वास्तुकार राज रेवल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी उभारलेल्या दिल्लीच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’लाही त्यात जागा होती; ती इमारत 2017 मध्येच पाडली गेली होती. नवं साहित्य मात्र ‘नवं’ म्हणूनच लेबलवर नोंदवा. वर्ष आणि बनवणाऱ्याचं नाव लिहा. जुन्या मॉडेलशेजारी नवं मॉडेल काही न सांगता ठेवणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे.

पूर्ण आकाराच्या गोष्टींचा मोह सर्वांनाच होतो, आणि तो योग्यही आहे, कारण शरीराने कळणारी गोष्ट शरीराला कळू द्यावी. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की यांनी 1926-27 मध्ये रचलेलं फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर सुमारे 1.9 मीटर रुंद आणि 3.4 मीटर लांब होतं, आणि तशी सुमारे 10,000 बसवली गेली. ही मापं वाचून काही होत नाही. खऱ्या ओट्यापुढे उभं राहून हात लांबवला की प्रत्येक कप्पा किती हिशोबाने जवळ आणलाय ते उमगतं. मूळ वस्तूला हात लावू देणं शक्य नसेल, तर जमिनीवर त्याच मापाची पट्टी आखून प्रेक्षकाला आत उभं करा. खर्च नगण्य, परिणाम मोठा.

तुकड्यांबाबत एक सावधगिरी हवी. लंडनची ‘रॉबिन हूड गार्डन्स’ ही ॲलिसन आणि पीटर स्मिथसन यांची वसाहत पाडली जात असताना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तिचा तीन मजली भाग जतन केला आणि 2018 मध्ये त्याचे भाग व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या वास्तुकला प्रदर्शनात, मांडले. लोकांची घरं पाडून त्यांचा दर्शनी भाग कलावस्तू म्हणून दाखवावा का, यावर टीका झाली, आणि ती टीका मला गंभीर वाटते. पाडलेल्या घराचा तुकडा मांडणार असाल तर तिथे राहणाऱ्यांचा आवाज त्याच भिंतीवर, त्याच आकारात हवा. कोपऱ्यातल्या हेडफोनमध्ये त्याला ढकलू नका.

स्केल ठरवताना आधी आकडेमोड करा

मॉडेल सुंदर दिसतं म्हणून स्केल निवडलं जातं आणि मग जे दाखवायचं तेच त्यात दिसत नाही. 17 सेंटिमीटरची पायरी 1:200 मध्ये, म्हणजे खऱ्या मापाच्या दोनशेव्या भागात, एक मिलिमीटरही भरत नाही. 1:50 मध्ये ती 3.4 मिलिमीटर होते, 1:20 मध्ये साडेआठ. म्हणजे आपल्या जिन्याचा प्रश्न 1:20 पेक्षा लहान मॉडेलमध्ये मांडणं फोल आहे. वस्तीचा आकार दाखवायचा असेल तर मात्र 1:500 योग्य, कारण तिथे पायरी दिसायचीच नसते.

स्केलचा आकडा लेबलवर लिहून भागत नाही. वास्तुकार नसलेल्या माणसाला 1:50 म्हणजे काय ते लागत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मॉडेलमध्ये माणसाची आकृती ठेवा. 165 सेंटिमीटरचा माणूस 1:50 मध्ये 3.3 सेंटिमीटरचा होतो. एका भिंतीवरची सगळी मॉडेल शक्यतो एकाच स्केलची असावीत. तीन वेगवेगळ्या स्केलची मॉडेल ओळीत लावली तर झोपडी मनोऱ्याएवढी दिसते आणि प्रेक्षक चुकीचं घेऊन घरी जातो.

आणि टेबलाची उंची. 75-80 सेंटिमीटरच्या टेबलावरचं मॉडेल पक्ष्याच्या नजरेने दिसतं. तेच मॉडेल उचलून त्यातली जमीन 120 सेंटिमीटरच्या आसपास आणली, की चाकाच्या खुर्चीतला माणूस आणि शाळकरी मूल सरळ त्याच्या आत पाहू लागतात, उंच माणूस जरा वाकतो आणि तोही आत शिरतो. अंतर्भाग दाखवायचा असेल तर मी नेहमी वर उचलण्याच्या बाजूने असते. मनोऱ्याचं किंवा वस्तीचं मॉडेल खालीच राहू द्यावं.

उसनवारी आणि हक्क

हे काम रटाळ आहे, पण प्रदर्शनं बहुतेक इथेच अडकतात. दुसऱ्या संग्रहालयाकडून वस्तू मागायच्या तर विनंतीपत्र निदान वर्षभर आधी जायला हवं. ती संस्था तुमच्या दालनाचा अहवाल मागेल: तापमान, आर्द्रता, प्रकाश, पहारा, आगीपासून संरक्षण. विमा वस्तू मूळ जागेवरून हलल्यापासून परत तिथेच टेकेपर्यंतचा असावा.

वास्तुकलेत एक खास गुंता आहे. ड्रॉइंगचा कागद ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे ते छापण्याचा हक्क असेलच असं नाही. तो वास्तुकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे असू शकतो. इमारतीच्या फोटोचा हक्क बहुधा छायाचित्रकाराकडे असतो. म्हणजे एका चित्रासाठी दोन-तीन परवानग्या. भिंतीवर लावणं, कॅटलॉगमध्ये छापणं, समाजमाध्यमांवर टाकणं यांचा उल्लेख प्रत्येक परवानगीत वेगवेगळा हवा. शेवटच्या आठवड्यात पोस्टरसाठी परवानगी शोधत बसण्यापेक्षा पहिल्याच पत्रात सगळं मागून घ्या.

वजन आणि दारं यांचा हिशोबही आत्ताच. सव्वा मीटरच्या आसपास लांब, 30 सेंटिमीटर रुंद, 15 सेंटिमीटर उंच अशी एकच दगडी पायरी 140 किलोच्या घरात जाते. अशा आठ पायऱ्या एकावर एक मांडायच्या तर जमिनीची क्षमता स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्यावीच लागते. मालाच्या लिफ्टचं माप आणि सर्वांत अरुंद दाराचं माप क्युरेटरच्या वहीच्या पहिल्या पानावर असावं.

कागद, प्लास्टिक आणि प्रकाश

वास्तुकलेचे कागद जपायला अवघड, कारण ते टिकण्यासाठी बनवलेच नव्हते. ते साइटवर वापरून संपवायचे होते. ट्रेसिंग पेपर वयाबरोबर ठिसूळ होतो आणि हवेतल्या दमटपणाने लगेच आक्रसतो, फुगतो, गुंडाळला जातो. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचं ब्लूप्रिंट उजेडात फिकं पडतं, आणि त्याचा निळा रंग अल्कधर्मी वातावरणात बिघडतो. म्हणून इतर कागदांसाठी चांगली मानली जाणारी अल्कधर्मी फोल्डर त्याला घातक ठरतात. त्याला तटस्थ कागदात ठेवा. डायझो प्रिंट (ड्रॉइंगच्या प्रती काढण्याच्या एका जुन्या रासायनिक पद्धतीतल्या प्रती) इतर कागदांवर डाग पाडू शकतात, त्या वेगळ्या ठेवाव्यात.

कागद आणि कापडासाठी प्रकाशाची रूढ मर्यादा 50 लक्स आहे (लक्स हे वस्तूवर पडणारा प्रकाश मोजायचं एकक). पण मर्यादा पाळली म्हणजे नुकसान थांबलं, असं नव्हे. प्रकाशाचं नुकसान साचत जातं आणि भरून निघत नाही. रोज 8 तास, 90 दिवस, 50 लक्स म्हणजे 36,000 लक्स-तास. ड्रॉइंगच्या खात्यात हा खर्च कायमचा मांडला जातो. म्हणून लांबणाऱ्या प्रदर्शनात अर्ध्या वाटेवर ड्रॉइंग बदला, किंवा उत्तम प्रतीची छापील नक्कल लावा आणि ती नक्कल आहे असं स्पष्ट लिहा. माझ्या मते वर्किंग ड्रॉइंगच्या बाबतीत नक्कल वापरण्यात कमीपणा नाही. ती ड्रॉइंग तशीही प्रती काढण्यासाठीच असत. हाताने काढलेलं पहिलं स्केच असेल तर मात्र मूळच हवं, थोडे दिवस का होईना, कारण खोडरबराच्या खुणा आणि पेन्सिलीचा दाब नकलेत हरवतो.

डिझाइनच्या वस्तूंमध्ये धोका प्लास्टिकचा. सेल्युलोज ॲसिटेट खराब होऊ लागलं की व्हिनेगरसारखा वास येतो. पीव्हीसी चिकट होतं. पॉलियुरेथेनचा फोम भुगा होऊन गळतो, त्यामुळे 1960 च्या दशकातली एखादी झकास खुर्ची बाहेरून शाबूत आणि आतून संपलेली असू शकते. जतनतज्ज्ञाला यादी पक्की होण्याआधी बोलवा, नंतर नको.

नवे चौथरे आणि शोकेसही वस्तूला इजा करतात. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेले बोर्ड) आणि ताजा रंग यांतून आम्लयुक्त वाफा निघतात, बंद काचपेटीत त्या साचतात. साहित्य सुरक्षित आहे का हे पाहण्यासाठी ऑडी चाचणी वापरतात: त्या साहित्याचा नमुना चांदी, तांबं आणि शिसं यांच्या तुकड्यांसोबत दमट बंद भांड्यात 60 अंश सेल्सियसला 28 दिवस ठेवतात आणि धातूंवर गंज चढतो का ते बघतात. वेळापत्रकात हे 28 दिवस आणि रंग वाळून त्याच्या वाफा उडून जाण्यासाठी निदान दोन-तीन आठवडे आधीच राखून ठेवा.

दालन हेही एक वास्तू आहे

इतर विषयांच्या प्रदर्शनात मांडणी विसरता येते. इथे नाही, कारण प्रेक्षक जागेबद्दलच विचार करायला आलेला असतो. लिली राइख आणि मीस व्हान डेर रोहे यांनी 1927 मध्ये बर्लिनमधल्या एका प्रदर्शनात रेशीम आणि मखमलीचे पडदे टांगून त्यांच्याच भिंती केल्या; कापड तिथे मालही होतं आणि वास्तूही. लिना बो बार्डी यांनी साओ पावलोच्या संग्रहालयात 1968 मध्ये चित्रं काचेच्या उभ्या फळ्यांवर लावली आणि माहिती मागच्या बाजूला दिली, म्हणजे आधी बघायचं, मग वळसा घालून वाचायचं. दोन्ही ठिकाणी मांडणीच एक भूमिका घेते.

आपल्या जिन्याच्या प्रदर्शनात मी दालनाच्या मधोमध दोन पायऱ्यांचा उंचवटा करेन, शेजारी त्याच उंचीवर नेणारा रॅम्प, आणि रॅम्प आधी दिसेल असा ठेवेन. सगळ्यांना वर नेणारी वाट मुख्य, पायऱ्या दुय्यम. विषय काय आहे ते पहिल्या मिनिटातच शरीराला कळतं. रॅम्पचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नको आणि वाट कुठेही 90 सेंटिमीटरपेक्षा अरुंद नको. गर्दीच्या ठिकाणी त्याच्या दुप्पट.

भिंतीवरच्या चौकटींचा मध्य 145 ते 155 सेंटिमीटरच्या दरम्यान ठेवण्याची पद्धत आहे. पण बारीक रेघांची मोठी ड्रॉइंग उभी टांगण्यापेक्षा तिरप्या टेबलावर ठेवलेली बरी. ती आखलीही तशाच टेबलावर गेली होती आणि माणूस त्यावर ओणवून वाचतो. बसायला जागा द्या. ड्रॉइंग वाचायला वेळ लागतो आणि दमलेला माणूस फक्त फोटो पाहतो.

मजकूर आणि श्रेय

विभागाच्या सुरुवातीचा मजकूर 150 शब्दांच्या आत, एका वस्तूचं लेबल 50-60 शब्दांच्या आत. ‘अवकाश’, ‘संवाद’, ‘संदर्भ’ हे शब्द लेबलमधून काढून बघा. वाक्य उरलं तर ते वाक्य होतं. ‘हा जिना प्रवाही अवकाश निर्माण करतो’ यापेक्षा ‘या जिन्याला मधला टप्पा नाही, त्यामुळे 22 पायऱ्या एका दमात चढाव्या लागत’ हे प्रेक्षकाच्या पोटऱ्यांपर्यंत पोचतं. लेबलचं पहिलं वाक्य समोर दिसणाऱ्या तपशिलावर बोट ठेवणारं असावं. अक्षर मोठं, रंगांतला फरक ठळक.

श्रेयाची ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. इमारत किंवा खुर्ची एकट्या माणसाची क्वचितच असते. 1928 मधली प्रसिद्ध टेकून पहुडण्याची खुर्ची दीर्घकाळ केवळ ल कोर्बुझिए यांच्या नावाने ओळखली गेली. ती शार्लोत पेरियाँ आणि पिएर जानरे यांचीही आहे. डेनिस स्कॉट ब्राउन यांच्यासोबत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या रॉबर्ट व्हेंच्युरी यांना वास्तुकलेतलं मानाचं 1991 चं प्रित्झकर पारितोषिक एकट्यांना मिळालं. संस्थांनी जे केलं ते तुमच्या लेबलने पुन्हा करू नये. इंजिनिअर, कंत्राटदार, सुतार, गवंडी यांची नावं सापडत असतील तर लिहा. सापडत नसतील तर ‘बांधणाऱ्यांची नावं नोंदलेली नाहीत’ असं लिहा.

उघडण्याआधी कागदावर चालवून बघा

भिंतींच्या जागी पुठ्ठे, वस्तूंच्या जागी साध्या प्रिंट, हाताने लिहिलेली लेबलं. विषयाशी संबंध नसलेल्या काही माणसांना त्यातून चालू द्या आणि काही समजावू नका. ती कुठे थांबतात, कुठलं लेबल अर्ध्यात सोडतात, सेक्शन (इमारतीचा उभा छेद) बघून प्लॅन समजतात का, हे नुसतं पाहा. शेवटी एकच विचारा: हे प्रदर्शन काय विचारत होतं? उत्तर तुमच्या पहिल्या वाक्याच्या जवळपास नसेल, तर अजून वेळ आहे.

उतरवताना

प्रत्येक वस्तू पेटीत जाण्याआधी आलेल्या दिवशीच्या अवस्था-नोंदीशी ताडून बघा, फोटोसकट. प्रत्येक कागदाने किती लक्स-तास सोसले ते लेखी नोंदवून मालकाला पाठवा, म्हणजे पुढच्या वेळी मागणाऱ्याला किती देता येईल ते त्याला ठरवता येईल. मग प्रदर्शनाचं स्वतःचं दप्तर तयार करा. बार्सिलोनाच्या 1929 च्या प्रदर्शनातला जर्मन मंडप पुढच्याच वर्षी मोडला गेला. 1980 च्या दशकात तो पुन्हा उभा करता आला तो उरलेले फोटो, ड्रॉइंग आणि जमिनीखाली सापडलेला पाया यांच्या आधारावर. तुमच्या दप्तरात दालनाचा मोजमापांसह प्लॅन, प्रत्येक भिंतीचा समोरून काढलेला फोटो, माणसं असलेले फोटो, सगळ्या लेबलांचा अंतिम मजकूर आणि तुम्ही नाकारलेल्या वस्तूंची यादी कारणांसकट ठेवा. डिजिटल ड्रॉइंग असतील तर मूळ फाइल, ती उघडणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, आणि सोबत एक पीडीएफ प्रत.